क्रिकेट विश्वचषकाचा इतिहास : निबंधाची सुरुवात १९७३ पासून करा



आज निबंधही देतो आणि माझी एक चूकही सांगतो. मी राहायला दौंड तालुक्यात आणि शाळा शिरूर तालुक्यात. रोज चौफुल्यावरून भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याने जातो. हिवाळा लागला की या रस्त्याला दर दोन-तीन किलोमीटरवर एक फ्लेक्स दिसतो : 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा'. ऊस तुटून गेलेल्या रानात रोलर फिरवून खेळपट्टी केलेली असते आणि माईकवरून कॉमेंट्री चालू असते. आपल्याकडच्या पोरांना क्रिकेट शिकवावं लागत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात सगळीकडे तीच चर्चा. म्हटलं, चला, हाच निबंधाचा विषय. सातवीला फळ्यावर लिहून दिलं, 'क्रिकेट विश्वचषकाचा इतिहास'.

वह्या तपासायला घेतल्या. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच, "पहिला विश्वचषक १९७५ साली इंग्लंडमध्ये झाला." एका मुलीने मात्र १९७३ लिहिलं होतं. मी लाल पेनाने गोल केला, वर १९७५ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. भांडायला नाही, नुसतं विचारायला. म्हणाली, "सर, बायकांचा १९७३ ला झालाय. तुम्ही विषयात पुरुषांचा असं कुठं लिहून दिलं होतं?"

मी घरी येऊन खात्री केली. ती बरोबर होती. अर्धा गुण परत दिला, पण गोल काही पुसता आला नाही. तो गोल मी एकट्यानेच केलेला नाही, आपण सगळ्यांनीच केलाय, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

१९७३ ला काय घडलं?

जून-जुलै १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला. सात संघ होते : इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, यंग इंग्लंड आणि निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंचा मिळून केलेला आंतरराष्ट्रीय संघ. भारत त्यात नव्हता. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. तेव्हा जॅक हेवर्ड नावाच्या धनिकाने ४० हजार पौंड दिले. इंग्लंडची कर्णधार रेचेल हेहो फ्लिंट हिने या स्पर्धेसाठी जिवाचं रान केलं. २८ जुलैला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर शेवटचा सामना झाला. ६० षटकांचा डाव. एनिड बेकवेलने ११८ धावा काढल्या आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवलं. लॉर्ड्सचं मैदान मात्र बायकांना त्यानंतर तीन वर्षांनी, १९७६ ला खेळायला मिळालं.

आता आपल्याकडे बघा. त्याच १९७३ सालच्या एप्रिलमध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा भरली. कुठे? आपल्या पुण्यात! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ. दौंडहून रेल्वेने दोन तासांच्या आत गाठता येणाऱ्या गावात हा इतिहास घडला आणि आपण मुलांना तो कधी सांगितला नाही.

मग १९७५ चं काय?

१९७५ चुकीचं नाही. तो पुरुषांचा पहिला विश्वचषक. ७ जूनला लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड सामन्याने त्याची सुरुवात झाली. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. आपल्या सुनील गावसकरांनी १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ धावा काढल्या आणि भारत ३ बाद १३२ वर थांबला. एकदिवसीय क्रिकेट कसं खेळायचं हेच तेव्हा आपल्याला उमगलं नव्हतं. पण आठच वर्षांत, २५ जून १९८३ ला, त्याच लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने १८३ धावा काढूनही वेस्ट इंडिजला १४० वर गुंडाळलं.

पुढे हा चषक आपल्या दारातही आला. १९८७ ला स्पर्धा पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात झाली. डाव ५० षटकांचा झाला. नागपूरला चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, पुरुषांच्या विश्वचषकातली पहिली. त्याच सामन्यात गावसकरांनी आपलं एकमेव एकदिवसीय शतक केलं. २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियासारख्या नवख्या संघाने बलाढ्य वेस्ट इंडिजला ९३ धावांत बाद करून ७३ धावांनी सामना जिंकला. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने षटकार मारून चषक आणला, तो तर आजच्या पोरांच्या आईवडिलांनीही डोळ्यांनी बघितलाय. २०२३ ला गहुंजेच्या मैदानावर पाच सामने झाले.

हे सगळं निबंधात यायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच, की हा इतिहासाचा एक भाग आहे, सगळा इतिहास नाही.

एका शब्दाने काय बिघडतं?

काही सहकारी म्हणाले, "अहो सर, परीक्षेत १९७५ च विचारतात. कशाला पोरांचा गोंधळ करता?" गोंधळ तर आत्ताच आहे. वर्गात एक प्रश्न विचारून बघा. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कोणाचं? सगळा वर्ग ओरडेल, "सचिन तेंडुलकर!" सचिनचं नाबाद २०० ग्वाल्हेरला २०१० साली झालं. त्याच्या बारा वर्षांहून अधिक आधी, १९९७ च्या महिला विश्वचषकात, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या. आणि त्या मुंबईत, वांद्र्याच्या मैदानावर! सचिनच्या मोठेपणाला याने काही धक्का लागत नाही. पण उत्तरात 'पुरुषांच्या क्रिकेटमध्ये' हे शब्द नसतील, तर उत्तर चुकतं.

आपण 'महिला विश्वचषक' म्हणतो, पण 'पुरुष विश्वचषक' म्हणत नाही. एक झाला विश्वचषक आणि दुसरा त्याची शेपटी. मैदानावरही तेच होतं. खेळाच्या तासाला बॅट मुलांच्या हातात आणि मुली झाडाखाली. एखादी फारच मागे लागली तर आपण तिला वही-पेन देतो आणि धावा मांडायला बसवतो. मीही हेच करत आलो. निबंधातल्या पहिल्या ओळीचा आणि त्या झाडाखालच्या मुलींचा काही संबंध नाही, असं म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

महिला विश्वचषकातला भारत

भारतीय मुली पहिल्यांदा १९७८ ला उतरल्या. स्पर्धा भारतातच होती, कर्णधार डायना एदलजी. तिन्ही सामने हरलो. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी याच पिढीच्या. त्या पुढे भारताच्या कर्णधार झाल्या आणि २००६ मध्ये महिला क्रिकेटची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा तिच्या सचिवही त्याच होत्या. २००५ ला आपण अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरलो. २०१७ ला लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी.

मग २०२५ आलं. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचं आव्हान दिलं आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून ते पार केलं. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपल्या २९८ धावा. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ आणि वर पाच बळी. विजय ५२ धावांनी. संघात सांगलीची स्मृती मानधना उपकर्णधार आणि प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुजुमदार, ज्यांना स्वतःला भारताकडून खेळायची संधी कधी मिळाली नाही. पहिल्या पराभवापासून या विजयापर्यंत ४७ वर्षं लागली.

फळ्यावर लिहिण्यासाठी

• महिला विश्वचषक : १९७३ ते २०२५, एकूण १३ स्पर्धा. ऑस्ट्रेलिया ७, इंग्लंड ४, न्यूझीलंड १, भारत १.
• पुरुष विश्वचषक : १९७५ ते २०२३, एकूण १३ स्पर्धा. ऑस्ट्रेलिया ६, वेस्ट इंडिज २, भारत २, पाकिस्तान १, श्रीलंका १, इंग्लंड १.

दोन्हीकडे तेरा-तेरा. फळ्याचे दोन समान भाग करा, बरोबर बसतं.

शिक्षक मित्रांनो, विनंती एवढीच. प्रश्न काढताना 'पुरुष' किंवा 'महिला' हा शब्द लिहा. नाही लिहिला, तर १९७३ ला पूर्ण गुण द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, सरांनी चुकीचा गोल केला असेल तर वही घेऊन या आणि विचारा. सर रागावणार नाहीत. रागावले तरी घरी जाऊन तपासतीलच.

आमच्या शाळेत आता शनिवारी खेळाच्या तासाला दोन सामने होतात, एक मुलांचा, एक मुलींचा. मैदान एकच आहे, त्यामुळे वेळेवरून रोज कुरकुर असते. मुलींच्या सामन्याला धावा मांडायला मुलं बसतात. परवा त्यांनी एक चौकार लिहायचा विसरला आणि जे काही भांडण झालं म्हणता! मी मध्ये पडलो नाही.