कोणाचें मडकें कच्चें?

गांवोगांवीं सप्ते बसतात, कीर्तनें होतात, आणि बहुतेक कीर्तनांत दोन उपदेश ठरलेले असतात: वासना सोडा, अहंकार सोडा. ऐकणारा मान डोलावतो आणि मनांत म्हणतो, 'बुवांनीं आमच्या शेजाऱ्याला बरा टोला हाणला!' टोला मलाच बसला, असें म्हणणारा आम्हांस अजून भेटावयाचा आहे. शेकडों वर्षें औषध चालू असून गुण कां येत नाहीं, याचें कारण आम्हांस येथेंच दिसतें. अहंकार नेहमीं दुसऱ्याच्या घरीं राहतो, अशी आपणां सर्वांची समजूत!

या बाबतींत आमच्या एका कारागीर बंधूनें घालून दिलेला धडा मोलाचा आहे. तेरचे गोरोबाकाका कुंभार यांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें थापटण्याकडे बोट दाखवून, हें कशाला, असें विचारलें. मडकीं कच्चीं कीं पक्कीं तें यानें कळतें, असें काका म्हणाले. मग आमचींही मडकीं पाहा, असें मुक्ताबाईनें सुचविलें. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत निघाले. सारे मुकाट बसले; नामदेव मात्र संतापले. काकांनीं निकाल दिला, हें एक कच्चें. ही कथा परंपरेची आहे. कागदाचा पुरावा मागणाऱ्यास ती पुरणार नाहीं, पण कुंभाराच्या अंगणांत तिचा पुरावा रोज मिळतो. आव्यांतून निघालेलें अर्धें कच्चें मडकें वरून लालच दिसतें. बोटानें वाजविलें म्हणजे मात्र खणखणत नाहीं, बद्द बोलतें.

नामदेव कांहीं ढोंगी नव्हते. जातीचे शिंपी, विठोबाचे जिवलग. त्यांची भक्ति खरी होती. परंतु 'मी देवाचा लाडका' हा मी त्या खऱ्या भक्तीच्याच आंत दडून बसला होता. पैशाचा ताठा गांवाला दिसतो. वतनाचा ताठा दिसतो. भक्तीचा ताठा मात्र दिसत नाहीं, कारण त्यानें कपाळीं बुक्का लाविलेला असतो. मी माळ घातली, मी मांस सोडलें, माझी वारी एकदांही चुकली नाहीं! सोडलें तें खरें. पण सोडणारा जागच्या जागीं बसून आहे, आणि पूर्वींपेक्षां लठ्ठ झाला आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आमचीच गोष्ट सांगतों. आमच्या गांवच्या देवळाच्या जीर्णोद्धारास आम्हीं ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली. फळाची आशा न धरितां देतों, असें चारचौघांत बोललोंही. काम पुरें झालें, देणगीदारांच्या नांवांचा दगड बसला, आणि त्यांत आमचें नांव नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दर्शनास गेलों, तों डोळे मूर्तीकडे न जातां दगडाकडे गेले. तेव्हां लाज वाटून आम्हीं स्वतःस विचारलें, देवास दिलेलें देवास पोंचलें, मग दुखलें कोणास? उत्तर सोपें होतें. आम्हीं दान केलेंच नव्हतें. आम्हीं आपल्या नांवाची जागा विकत घेतली होती, आणि माल मिळाला नाहीं म्हणून भांडत होतों.

तेव्हांपासून मनांत कांहींही हवेंसें वाटलें म्हणजे आम्ही तीन प्रश्न विचारतों. काय हवें? कशासाठीं हवें? आणि न मिळाल्यास दुखेल कोणास, पोटास कीं नाकास? बियाणें हवें, बैल हवा, लेकरांस शाळा हवी, आजाऱ्यास औषध हवें. ही पोटाची मागणी. भावकीनें तीन पंगती उठविल्या म्हणून आपल्या पोरीच्या लग्नांत चार उठल्या पाहिजेत, मग त्यासाठीं रान गहाण पडलें तरी चालेल, ही नाकाची. पोटाला अंत आहे, भाकरी मिळाली कीं तें निजतें. नाकाला अंत नाहीं. पांचवी पंगत उठविणारा कोठें तरी असतोच. आमच्या कित्येक घरांचीं रानें दुष्काळानें गेलीं, पण कित्येकांचीं नुसत्या नाकानें गेलीं. नवसाचेंही असेंच तपासावें. देवाशीं सौदा करावयाचा आणि त्यास भक्ति म्हणावयाचें, हें आपल्याला तरी पटतें काय?

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. 'वासना मारा' हा उपदेश भरल्या पोटाचा माणूस उपाशी माणसाला करूं लागला, म्हणजे समजावें कीं उपदेशकाचें मडकें कच्चें. घामाचा पुरा दाम मागणें ही वासना नव्हे. पाणवठ्यावर हक्क सांगणें हा अहंकार नव्हे. 1927 सालीं महाडच्या चवदार तळ्यावर जे पाणी प्यावयास गेले, त्यांचा तो स्वाभिमान होता; अहंकार अडविणाऱ्यांचा होता. दोहोंतील भेद ओळखणें कठीण नाहीं. स्वाभिमान म्हणतो, मी कोणाहून कमी नाहीं. अहंकार म्हणतो, कोणी तरी माझ्याहून कमी असलाच पाहिजे.

तुकोबांचें उदाहरण पाहा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांचा व्यापार बुडाला, घरचीं माणसें गेलीं. पुढें त्यांनीं सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. पण तीच परंपरा हेंही सांगते कीं, धाकट्या भावाचा अर्धा वांटा त्याच्या हवालीं करून त्यांनीं फक्त आपलाच वांटा बुडविला. त्याग करावयाचा तो आपल्या ताटांतला. भावाच्या ताटांतला नव्हे.

ही तपासणी करावयास मठ नको, मध्यस्थ नको, दक्षिणाही नको. मुंबईच्या खेतवाडींत निसर्गदत्त महाराज (1897–1981) विडीचें दुकान चालवीत 'मी कोण' हाच शोध करीत राहिले. शेतकऱ्यानें मोट सोडल्यावर किंवा पंप बंद केल्यावर, सुतारानें हत्यारें ठेविल्यावर, बाईनें चूल विझविल्यावर घटकाभर हा हिशोब पाहावा. आज राग कशाचा आला? त्यांत पोट किती आणि नाक किती? पण थापटणें आपल्याच डोक्यावर मारावें. तें बायकोच्या, सुनेच्या, गड्याच्या डोक्यावर मारण्याची आपणांस भारी हौस असते!

आणि बद्द आवाज आला तर खचून जाऊं नये. नामदेव रागावले खरे, पण नंतर ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, हाच त्यांचा मोठेपणा. ज्यास कच्चा म्हटलें, त्या शिंप्याचीं 61 पदें शीख बांधवांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आज मानानें गाइलीं जातात. कच्च्या मातीस पुन्हां भिजवितां येतें, पुन्हां घडवितां येतें, हें कुंभाराच्या पोरासही ठाऊक आहे. खोळंबा होतो तो 'मी पक्का' म्हणून आव्याबाहेर बसून राहणाऱ्याचा.