बिनतारी चार्जरची गळती खोक्यावर छापा

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

‘बिनतारी’ चार्जरलाही तार असते. प्लगपासून फोन ठेवायच्या तबकडीपर्यंत ती जातेच. तारेविना जातात ते शेवटचे काही मिलिमीटर. तबकडीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातले बदलते चुंबकीय क्षेत्र फोनमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व. फोनच्या बिनतारी चार्जिंगचे ‘ची’ (Qi) मानक २०१० चे.

या व्यवहारात वीज वाया जाते आणि ग्राहकाला त्याचा पत्ताच लागू दिला जात नाही. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. वायरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि तबकडीची ६५ टक्के धरली, तर भिंतीतून अनुक्रमे २२ आणि २९ वॅट-तास ओढले जातात. रोज फोन भरला तर वर्षाला अडीच युनिट जास्त. घरच्या बिलात ही रक्कम किरकोळ. एक कोटी फोनांमागे मात्र अडीच कोटी युनिट. फोन बोटभर सरकला तर गळती आणखी वाढते, कधी चार्जिंगच थांबते. वाया गेलेल्या विजेची उष्णता होते, आणि मुंबईच्या मे महिन्यात आधीच तापलेली लिथियम बॅटरी त्याने लवकर म्हातारी होते.

फायदे खरे आहेत. पोर्ट झिजत नाही. हात थरथरणाऱ्यांना पिन शोधावी लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची-२’ने चुंबक लावून फोन जागेवर बसवला. पण चार्ज होत असताना फोन हातात धरून वापरायचा, तर वायरच सोयीची.

पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम याच विभागाचे. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापायलाच हवे. चार्जरच्या खोक्यावर मात्र ‘१५ वॅट’ एवढे ठळक छापले की भागते. त्यातले बॅटरीत किती पोहोचतात, हे ग्राहकांनी विचारायचे कोणाला? दुकानदार खोक्याकडे बोट दाखवतो, आणि खोके गप्प.

ई-कचरा घटावा म्हणून विभागाने टाइप-सी पोर्टचा आग्रह धरला. भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानकही काढले. मग तबकड्यांना सूट का? ॲडॅप्टर आणि वायर लागतेच, वर तबकडी हा आणखी एक नग कचऱ्यात जातो.

विभागाने दोन आकडे सक्तीचे करावेत: भिंतीतून बॅटरीपर्यंतची कार्यक्षमता आणि फोन नसताना तबकडी ओढत असलेली वीज. दोन्ही मोजता येतात, आणि खोक्यावर त्यांना दोन ओळी पुरतात.

देवनार, मुंबई