साडीवर बूट घाला, पण चालायचे बूट घाला



पर्युषण झाले की आपल्या घरांतून यात्रेचे बोलणे सुरू होते. शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते, ती कार्तिकी पौर्णिमेला उघडते, त्यामुळे सगळ्यांचे बेत त्या सुमाराचे. मग संघाची यादी येते. खाखरे, कोरडा नाश्ता, पूजेची वस्त्रे, औषधे, टॉर्च, शाल. मी अशा बऱ्याच याद्या पाहिल्या आहेत. पायात काय घालायचे, याची ओळ एकीतही वाचल्याचे आठवत नाही.

मी कॉमर्सची, मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. शिखरजीला मधुबनापासून वर चढायला ९ किलोमीटर, टोंकांच्या वंदनेला ९ आणि उतरायला ९, म्हणजे २७ किलोमीटर, तेही पहाटे अंधारात निघून. पालीताण्याला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या. गिरनारला दहा हजारांच्या घरात. आपल्या जवळची म्हणून मांगीतुंगी धरली, तर ती दोन्ही शिखरे चार हजार फुटांच्या वर आहेत. आणि हे चढणार कोण? वर्षभर स्वयंपाकघर, स्थानक आणि भाजीबाजार एवढेच चालणारी साठीची बाई, पायात घरातली रबरी स्लिपर घालून. नाहीतर अनवाणी.

अनवाणीचे आधी बोलते, कारण बूट म्हटले की पहिला आक्षेप तोच येतो. "तीर्थावर काय चपला-बूट?" साधू-साध्वींसाठी नियम स्पष्ट आहे. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंनी जे आचरायचे नाही त्याची यादी आहे, तिच्यात पायातली पादत्राणे आहेत. पण श्रावक-श्राविकांचे चौदा नियम आपण रोज चिंतवतो, त्यांत पादत्राणांचे वेगळे स्थान आहे. कोणी त्याला पण्णी म्हणतात, कोणी वाणह. तिथे आज किती जोड वापरणार याची मर्यादा करायची असते. मर्यादा करायला सांगितली, याचा अर्थ श्राविका पायात काहीतरी घालते हे शास्त्राने धरलेलेच आहे. ज्यांना अनवाणी चढण्याचा भाव आहे आणि शरीर साथ देते, त्यांची मी मनापासून अनुमोदना करते. माझे म्हणणे एवढेच, की तो स्वतःहून घेतलेला नियम असावा. गटातल्या चौघी अनवाणी निघाल्या म्हणून पाचवीने लाजेने चप्पल काढणे, याला नियम म्हणत नाहीत.

आपल्या जालना-भोकरदन रस्त्यावरून विहार करणाऱ्या साध्वीजींचे तळवे पाहिलेत? वर्षानुवर्षांच्या चालण्याने ते तयार झालेले असतात. आपले तळवे फरशीवरही स्लिपर घालून वावरणारे. एका दिवसात त्यांची बरोबरी कशी होणार?

ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी तर मी हात जोडून सांगते. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. खडा टोचला, उन्हाने तापलेल्या पायरीचा चटका बसला, तरी कळत नाही. रात्री धर्मशाळेत पाय धुताना जखम दिसते आणि अशी जखम लवकर भरत नाही. डॉक्टर अशा रुग्णांना घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हणतात. जाण्याआधी पाय तपासून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून बघतात, पाच मिनिटांचे काम असते. संवेदना कमी निघाली तर बूट घालून वरपर्यंत जा, मंदिराच्या दाराशी काढा, आत सांभाळून पाऊल टाका आणि बाहेर आल्यावर तळवे एकदा निरखून बघा.

आता दुसरा प्रश्न, चामड्याचा. चामडे नको हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण ओळखायचे कसे ते सांगावे लागते. डोंगरात चालायचे म्हणून जे भारी बूट दुकानदार दाखवतात, त्यांतले बरेचसे स्वेड किंवा नुबुकचे असतात. मखमलीसारखे दिसते म्हणून आपण कापड समजतो, पण ही दोन्ही चामड्याचीच नावे आहेत. बऱ्याच बुटांच्या जिभेमागे किंवा तळाला लहान चित्रांचे लेबल असते. त्यात वरचा भाग, अस्तर आणि तळ अशी तीन चित्रे, आणि प्रत्येकापुढे तो कशाचा आहे त्याची खूण. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे. त्याच आकारात मध्ये छोटा चौकट असेल तर वरून लेप दिलेले चामडे. जाळीदार विणीची खूण म्हणजे कापड आणि नुसता चौकट म्हणजे रबर, सिंथेटिक वगैरे इतर माल. तिन्ही ओळी वाचा. वरून कापड आणि आतून चामडे असा जोडही निघतो. लेबल नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, आणि तो "मॅडम, सगळे तसेच असते" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

पायऱ्यांच्या यात्रेला घोट्याच्या वर येणारे जड बूट लागत नाहीत. ते पाठीवर ओझे घेऊन खडकाळ वाटांनी जाणाऱ्यांसाठी ठीक. आपल्याला जाळीच्या कापडाचा, हलका, नाडीचा बूट पुरतो. हातात धरून वाकवा. बोटे जिथे दुमडतात तिथे तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. तळाला खाचा हव्यात, कारण अनेक पायांनी झिजलेल्या दगडी पायऱ्या पहाटेच्या दवात निसरड्या होतात.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडे सुजतात आणि चढतानाही सुजणारच आहेत. जे मोजे घालून चालणार तेच नेा म्हणजे माप बरोबर येते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे. ती चढताना लागत नाही, उतरताना लागते. हजारो पायऱ्या उतरताना पाय पुढे सरकतो, बोटे बुटाच्या टोकावर आपटतात आणि नख काळे पडते. म्हणून उतरायच्या आधी खाली बसून नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, टाच मागे बसवून. आपल्यापैकी पुष्कळ जणींचा पंजा रुंद असतो आणि लेडीज बूट बोटांना आवळतो. अशा वेळी खुशाल जेंट्स जोड मागा, तो रुंद असतो. रंग निळा की गुलाबी हे पायाला कळत नाही. मोजे मात्र निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. खेळाडू घालतात तसे सिंथेटिक मिश्रणाचे घ्या.

नवा बूट थेट यात्रेला नेऊ नका. दसऱ्याला घेतलात तर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ३५ दिवस मिळतात. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास चाला, आठवड्यातून दोनदा जिना चढा-उतरा. कुठे घासते ते गावातच कळेल.

आता पैशांचे. मुलाला तीन हजारांचे बूट आणताना आपण दोनदा विचार करत नाही. स्वतःसाठी मात्र दोनशेची चप्पल पुरते. समजा १,८०० रुपयांचा जोड घेतला आणि तो ६०० किलोमीटर चालला. किलोमीटरला ३ रुपये पडले. एका लग्नात नेसून कपाटात गेलेल्या साडीचा हिशेब याच पद्धतीने मांडून बघा, मग बोलू.

"साडीवर बूट कसे दिसतील" हा प्रश्न बहुतेक वेळा नणंद-जावांकडून येतो, नवऱ्याकडून नाही, हे मी नोंदवून ठेवले आहे. साडी चार बोटे वर नेसा, पायरीही दिसते. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन बघून चालायला सांगितले आहे. टाच घासत असेल, अंगठा ठणकत असेल, तर लक्ष जमिनीवर राहते की दुखण्यावर?

संघ काढणाऱ्या भाऊंना माझी एक विनंती आहे, त्यांच्या घरातल्या बायकांनी ती पोहोचवावी. यंदाच्या पत्रकात दोन ओळी वाढवा: कापडी किंवा रबरी बूट घालून कुठपर्यंत जाता येते आणि ते काढून कुठे ठेवायचे. पेढीवर एक फोन केला की कळते. या दोन ओळी नसल्या की बायका विचारायला संकोचतात आणि बूट धर्मशाळेतच ठेवून निघतात.