शाळेसमोरचे पन्नास मीटर

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या चौथीतल्या मुलीला घेऊन माझ्या अमरावतीच्या दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, जिना चढली का पोरगी धापा टाकते. अभ्यासात ध्यान नाई. तुमचं ते टॉनिक द्या न पुन्हा." मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, आतला भाग पांढुरका दिसला. रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयात ते निदान ११.५ तरी असायला हवे.

बाईंच्या 'पुन्हा' या शब्दाने मी ओशाळलो. याच मुलीला मी यापूर्वी दोनदा टॉनिकची बाटली लिहून दिली होती आणि ती दिवसभरात काय खाते हे एकदाही विचारले नव्हते. बाहेर वीस रोगी बसलेले असले की बाटली लिहून देणे सोपे जाते. चूक माझीच होती. या वेळी मात्र मी विचारले.

सकाळी चहा आणि दोन टोस्ट. शाळेत जाताना हातावर दहा रुपये. त्याची शाळेसमोरच्या दुकानातून एक कुरकुरीत पुडी, कधी रंगीत सरबताची पिशवी. शाळेत खिचडी मिळते, पण घंटा होण्याआधीच पुडी पोटात गेलेली असल्यामुळे दोन घासांवर ताट सरकवले जाते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी मळमळते म्हणून दप्तरात. घरी आल्यावर पुन्हा चहा. "तिचे बाबा म्हणते, लेकराचं मन काहून मोडाचं?" बाई म्हणाल्या. प्रेमाने दिलेले ते दहा रुपये होते, आणि त्यांनीच मुलीची भूक मारली होती.

ही एकट्या घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळले. शाळेत येणारी मुले यांतूनच पुढे येतात. जंत, वारंवारचे आजार अशी इतर कारणेही असतात, पण ताटातले लोह हे मोठे कारण आहे. पुडीत मैदा किंवा मक्याचे पीठ, तेल आणि मीठ असते. तिने पोट भरल्यासारखे वाटते, रक्त मात्र तयार होत नाही. थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत सुमारे सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचा विचार केला तर लहान मुलाचा अख्ख्या दिवसाचा वाटा त्या एका बाटलीत संपतो. त्यात जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह आतड्यात नीट शोषले जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या शाळेपाशी जाऊन उभा राहिलो. फाटकापासून पावले मोजत गेलो. सत्तर पावलांच्या आत तीन दुकाने आणि दोन हातगाड्या. पुड्यांच्या माळा दारातच टांगलेल्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. रंगीत गोळ्या, बर्फाचा गोळा, तळलेले पापड. खाण्यासारखे म्हणावे असे एकही फळ नाही.

वाचकहो, सत्तर पावले म्हणजे साधारण पन्नास मीटर. हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. शाळकरी मुलांच्या आहाराबाबत केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली नियम केले. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. त्याआधी मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला होता. तंबाखूसाठी तर २००३ चाच कायदा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नाही. कायदे चांगले आहेत. पण या नियमाची आठवण मी ज्यांना ज्यांना करून दिली, त्यांपैकी निम्म्यांना तो ठाऊकच नव्हता.

मग त्यांतल्या एका दुकानदाराशी बोललो. ओळखीचा माणूस, त्याची नातवंडे माझ्याकडेच येतात. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मले काय पोट्ट्यायचं वाईट कराचं हाये का? केळी ठेवली तं तिसऱ्या दिवशी काळी पडते, फेकाच लागते. या पुड्या चार महिने टांगून ठेवा, काही होत नाई. माल दुकानात आनून देते. अन् पोट्टे जे मांगते तेच विकीन ना मी!"

मला त्याचे म्हणणे खोटे वाटले नाही. उद्या त्याच्या दारातली माळ उतरवली आणि बाकी काहीच बदलले नाही, तर मुले एक्कावन्नाव्या मीटरवर जाऊन तीच पुडी घेतील. म्हणून माझे मत असे, की पन्नास मीटरांतून वाईट वस्तू हटवणे हे अर्धेच काम आहे. त्याच पन्नास मीटरांत, त्याच दहा रुपयांत चांगली वस्तू मिळाली पाहिजे.

अशी वस्तू आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? दर महिन्याला माझे अकोल्याला थोरल्या बहिणीकडे जाणे होते. माझी जुनी नगरपालिकेची शाळा तिच्या घराजवळच आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा फाटकाशी एक म्हातारी टोपली घेऊन बसायची. बोरे, आवळे, चिंचा, कवठ, भाजलेल्या शेंगा आणि हंगामात हुळा. पाच-दहा पैशांत खिसा भरायचा. तेही सगळे स्वच्छ असे असे मी म्हणणार नाही, तिची टोपली उघडीच असे आणि माश्याही बसत. पण पोटात जायचे ते अन्न होते. आज त्या जागी पुड्यांची माळ आहे.

अकोल्यात डाळीच्या गिरण्या, वरुड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागा, अंजनगाव आणि अकोटकडे केळी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. फुटाण्यांत प्रथिने आहेत आणि लोहही. त्यावर संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या, तर त्यातले क जीवनसत्त्व ते लोह शोषून घ्यायला मदत करते. इतके सगळे दारात असताना संत्र्यांच्या जिल्ह्यातली पोरे संत्र्याच्या रंगाचे पाणी पितात, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मुरमुरे हे केळ्यासारखे तिसऱ्या दिवशी काळे पडत नाहीत. झाकणाच्या बरणीत ठेवले तर दुकानदाराचे नुकसान नाही. चिक्कीत गूळ असतो, तेव्हा ती रोज नको आणि खाल्ल्यावर चूळ भरावी. त्याला भीती असते ती गिऱ्हाइकाची. ते गिऱ्हाईक आपण द्यायचे. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, पालकसभा होतात. त्या सभेत मुख्याध्यापकांनी समोरच्या दुकानदारांना बोलवावे, नियम समजावून सांगावा आणि पालकांनी तिथेच सांगावे, की आमची मुले फुटाण्याची पुडी मागतील, ती समोरच्या बरणीत ठेवा. अन्न व औषध प्रशासनाने आणि महापालिकेने तपासणी जरूर करावी, पण सुरुवात टोपलीवाल्या म्हातारीपासून नको. पुड्यांच्या माळांपासून करावी.

आणि पालकांनो, दहा रुपये बंद करा असे मी म्हणत नाही. मुलाचे मन मोडू नका. पण सकाळी चहाऐवजी एक पोळी-भाजी किंवा मूठभर भिजवलेले हरभरे पोटात जाऊ द्या, मग दहा रुपये द्या. मूल फिके दिसत असेल, लवकर दमत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर टॉनिक आणण्याआधी रक्त तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि जंताची गोळी टाकून देऊ नका. मळमळ होत असेल तर खिचडी खाऊन घ्यायला सांगा.

त्या मुलीला मी लोहाचे औषध दिले, जंताची गोळी दिली आणि या वेळी तिच्या आईजवळ बसून दिवसभराचे खाणे लिहून दिले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झाले. अजून थोडे बाकी आहे. परवा ती आली तेव्हा मुठीत कागदाची पुडी होती. मी विचारले, "काय आहे गं?" तिने मूठ उघडली. फुटाणे होते. त्या दुकानदाराने पुढच्या बाजूला एक बरणी ठेवली आहे. माळ अजून तशीच टांगलेली आहे.