चहाचा सेट नको, मैदान द्या

१९८९ सालची गोष्ट. पश्चिम जर्मनीच्या महिला फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात नॉर्वेचा ४-१ असा पराभव करून युरोपचे अजिंक्यपद पटकावले. एवढ्या मोठ्या पराक्रमाबद्दल तिथल्या फुटबॉल संघटनेने प्रत्येक खेळाडूला काय बक्षीस द्यावे? कपबश्यांचा एक सेट!

हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. आमच्या गावच्या शाळेतला बक्षीस-समारंभ डोळ्यांपुढे उभा राहिला. धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला बॅट आणि पहिल्या आलेल्या मुलीला स्टीलचा डबा! तो डबा आजही आमच्या घरी आहे. आई त्यात जिरे-मोहरी ठेवते.

त्या जर्मन संघात मधल्या फळीत खेळणारी एक मुलगी होती, सिल्विया नाइड. तिची कारकीर्द आपण सर्वांनी, विशेषतः आपल्या जिमखाना समितीने, समजून घ्यावी असे मला वाटते. तिचा जन्म १९६४ सालचा. त्या वेळी तिच्या देशात महिलांच्या फुटबॉलला संघटनेची बंदी होती. १९५५ साली घातलेली ही बंदी १९७० साली उठली. या खेळाने स्त्रीच्या शरीराला आणि मनाला इजा होते, तिची शालीनता जाते, अशी कारणे शहाण्यासुरत्या माणसांनी त्यासाठी दिली होती. बंदी उठली तरी अटी होत्याच. सामना सत्तर मिनिटांचाच, आणि बुटांना खिळे नकोत!

१९८२ साली त्या देशाच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. अठरा वर्षांची नाइड राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि तिने दोन गोल केले. पुढे १९९६ पर्यंत ती १११ सामने खेळली, ४८ गोल केले. नंतर ती प्रशिक्षक झाली. तिच्या हाताखाली २००७ साली जर्मनीने एकही गोल न स्वीकारता विश्वचषक जिंकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. ज्या मुलींनी खेळूच नये असे मोठ्यांचे मत होते, त्यांतल्याच एकीचे हे कर्तृत्व!

कोणी म्हणेल, ते जर्मनीचे झाले. नगर जिल्ह्याचा त्याशी काय संबंध? संबंध आहे. भारतात महिला फुटबॉल काही काल-परवा आला नाही. १९८० साली कालिकतला आणि १९८३ साली बँकॉकला झालेल्या आशियाई स्पर्धांत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या होत्या. मग मधली इतकी वर्षे कुठे गेली? २०२२ साली आशियाई स्पर्धा आपल्याच राज्यात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत भरली. करोनामुळे आपल्या संघाला ती अर्ध्यावर सोडावी लागली. परंतु ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आपला संघ २०२६ च्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. ते दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे, आणि तीही मधल्या फळीतलीच!

आपल्या राज्यातलेच उदाहरण हवे तर कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहावे. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळ या खेड्यातली अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली, प्रशिक्षक झाली, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलामुलींच्या फुटबॉलची जबाबदारी तिने सांभाळली. गडहिंग्लजला फुटबॉलची परंपरा आहे. डोळ्यांपुढे खेळ चाललेला असतो, म्हणून खेड्यातल्या मुलीलाही चेंडूला पाय लावावासा वाटतो. गुणवत्ता काय, ती पारनेर-पाथर्डीतही जन्माला येते. पण तिला मैदान दिसावे लागते.

मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम तरी काय? मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वर करून पाहायचे आणि पुढे धावणारीच्या पायात नेमका द्यायचा. हे काम एकटीने शिकता येत नाही. धावण्याचा सराव एकटी मुलगी पहाटे बांधावरून करू शकेल. मधली फळी शिकायला आजूबाजूला दहाजणी लागतात. मी आठवीपर्यंत मुलांच्या संघात खेळत होते. नंतर ‘आता मोठी झालीस’ एवढ्या एका वाक्यावर माझा खेळ संपला. मला कोणी मारले नाही, रागावलेही नाही. पण खेळायला दुसरी मुलगीच नव्हती, तर हट्ट तरी कशाच्या जोरावर करणार?

आपल्या महाविद्यालयात मुलींसाठी खो-खो आहे, कबड्डी आहे. त्यांचा मला अभिमान आहे. किंबहुना खो-खोत तयार झालेली चपळाई फुटबॉलला मोलाचीच ठरेल. मात्र मुलींच्या फुटबॉलचा विषय काढला की एकच उत्तर मिळते, ‘मुलीच येत नाहीत.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. मैदान संध्याकाळी मोकळे होते आणि आमच्यापैकी निम्म्याजणींची गावाकडची शेवटची एस.टी. त्याआधीच सुटते. कपडे बदलायला खोली नाही. मग मुली येणार कशा? आणि आल्या नाहीत की त्यांना आवडच नाही, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे!

याच नगरात मिस फॅरारबाईंच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. मुलीच्या हाती पाटी आली तर अनर्थ होईल, असे सांगणारे त्या काळीही होतेच. अनर्थ झाला नाही. आज आम्ही या वार्षिकात लिहितो आहोत, तो त्याचाच परिणाम. तेव्हा पायात बूट घातल्याने कोणते आकाश कोसळणार आहे?

माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून तीन दिवस दुपारी तास संपल्याबरोबर एक तास मैदान मुलींसाठी राखून ठेवावे. दोन चेंडू द्यावेत. कपडे बदलण्यासाठी एक खोली उघडावी. सुरुवातीला अकराजणी जमणार नाहीत, सहाजणी येतील. सहाजणी खेळताना दिसल्या की सातवी आपोआप येईल. मी शेवटच्या वर्षाला आहे. यात माझा लाभ काही नाही. परंतु पुढच्या वर्षी एखादी मुलगी जिमखान्याच्या दाराशी येऊन ‘फुटबॉल आहे का?’ असे विचारील, तेव्हा तिला ‘आहे’ हे उत्तर मिळावे, एवढीच इच्छा आहे.

बक्षिसाचा डबा आमच्या घरी एक आहे, तो पुरे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला