कायदा आणि दवाखान्याची खुर्ची

नवा कायदा येतो म्हणजे काय होते, हे भंडारा जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांना निराळे सांगावे लागत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा तुमसरच्या धान्यबाजारापासून पवनीच्या कापडदुकानापर्यंत प्रत्येक पेढीने हिशेबाची रीत बदलली. आरंभी कुरकुर झाली, पुढे ती सवय झाली. परंतु याच घरांतील ज्या मुलामुलींनी दंतवैद्यकाची पदवी घेतली, त्यांच्या व्यवसायाचा पाया बदलणाऱ्या कायद्याची चर्चा घरात क्वचितच होते.

दंतवैद्यकाचे नियमन १९४८ च्या कायद्याने होत आले. त्या काळी पदवीधर थोडे होते. म्हणून पदवी नसतानाही काही वर्षे हेच काम करीत आलेल्यांसाठी नोंदवहीत स्वतंत्र ‘ब’ भाग ठेवावा लागला. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेने संमत केला आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. शिक्षण, महाविद्यालयांचे मूल्यमापन आणि नीती व नोंदणी यांसाठी तीन स्वायत्त मंडळांची त्यात तरतूद आहे. खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांच्या शुल्कासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे कामही आयोगाकडे आहे. पदवीच्या शेवटी राष्ट्रीय निर्गम परीक्षा योजिली असून व्यवसायाची परवानगी आणि पदव्युत्तर प्रवेश या दोहोंसाठी तीच आधार ठरावयाची आहे. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या पित्याने एवढे तरी जाणून असावे.

या कायद्याविषयी दंतवैद्यांची एक तक्रार विचारात घेण्याजोगी आहे. जुन्या परिषदेत नोंदणीकृत दंतवैद्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते. नव्या रचनेत भर नियुक्तीवर आहे. आपले मत उरले नाही, ही खंत खोटी नव्हे. मात्र ज्यांचे नियमन करावयाचे, त्यांनीच नियामक निवडावा काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. बाजार समितीचा अनुभव असलेल्या वाचकास दोन्ही बाजू सहज उमगतील.

दिल्लीतील रचनेपेक्षा दैनंदिन नियमांचे अज्ञान अधिक महागात पडते. एका खुर्चीच्या दवाखान्यासही २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत: रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. अशा वेळी रुग्णाची लेखी संमती आणि उपचारांची नोंद हाच दंतवैद्याचा आधार ठरतो. तरीही ‘ते एजंट पाहून घेईल’ असे म्हणणारे आढळतात. रोजकीर्द न लिहिणाऱ्या दुकानदाराची जी गत, तीच त्यांची.

या जिल्ह्यात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तोंड पुरते उघडत नाही, तिखट सोसत नाही, गालात पांढरा चट्टा दिसतो. ही धोक्याची चिन्हे बहुधा प्रथम दंतवैद्याच्याच नजरेस येतात. साकोली वा लाखांदूरच्या रुग्णाने ज्याच्यापुढे तोंड उघडले, तो नोंदणीकृत आणि जाणकार असणे हा त्या रुग्णाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. म्हणून भिंतीवरील नोंदणी प्रमाणपत्र रुग्णाने निःसंकोच वाचावे, आणि दंतवैद्याने ते वाचू देण्यात कमीपणा मानू नये.