निवड झाली, पण शाळेचं काय?

२०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू घराघरांत पोचली. नागराज मंजुळे यांच्या नजरेत ती भरली तेव्हा सातवीत होती. 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे तर करमाळा तालुक्यातल्या केम गावात हलगी वाजवताना त्यांना दिसला. राष्ट्रीय पुरस्कारांत दोघांचीही दखल घेतली गेली. तेव्हापासून आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या आयांना वाटू लागलं, आपल्याही पोरीला कुणीतरी असंच हेरेल. वाटू दे की, त्यात वाईट काय?

पण मैत्रिणींनो, पुढचं कुणी विचारत नाही. गर्दीपायी रिंकूला शाळेत जाणं कठीण झालं, तिने दहावी बाहेरून दिली. २०१७ मध्ये ६६.४० टक्के मिळाले, तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. २०२० मध्ये बारावीला ८२ टक्के मिळाले, त्याची मात्र चर्चा फारशी ऐकली नाही. तिचे आईवडील दोघेही शिक्षक. घरात अभ्यासाचा धाक असला की असं जमतं. सगळ्यांच्याच घरी तो असतो असं नाही.

आणि हेरणारा प्रत्येक जण मंजुळे नसतो! आमच्या ओळखीतल्या एका वहिनींना फोन आला, 'मुलीचा फोटो आवडला, मालिकेसाठी निवड झालीय, नोंदणीचे पैसे भरा.' वहिनी भिशीचे पैसे मोडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, काम देणारा पैसे देतो की मागतो?"

कायदा काय म्हणतो तेही माहीत हवं. २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलांकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. शूटिंगसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. शाळा बंद पडता कामा नये, हेही त्यात आहे.

मात्र हे नियम १४ वर्षांच्या आतल्यांसाठी. नववी-दहावीतली, म्हणजे नायिका म्हणून नजरेत भरण्याच्या वयातली मुलगी त्यातून नेमकी सुटते. तिच्यासाठी आईनेच बोलायचं. करारपत्रावर सही करण्याआधी परीक्षेच्या तारखा त्यात लिहून घ्यायच्या, आणि सेटवर तिच्यासोबत घरचं कोण राहणार तेही.